संध्याकाळी धडधाकट, सकाळी मेलेले करडू : लहान गोठ्यात पाहायचे काय आणि दिवस बसवायचा कसा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घरच्या शेतावर दोन गाई, एक कालवड, सहा शेळ्या, त्यांची पाच करडे आणि पंधरा-सोळा कोंबड्या आहेत. माझे पती, सासूबाई आणि मी असे तिघे मिळून हे सगळे पाहतो. नऊ वर्षांची मुलगी शाळेतून आल्यावर हाताशी असते. जनावरे सांभाळण्याचे हे आमचे तिसरेच वर्ष आहे, त्यामुळे माझ्या प्रश्नात काही भाबडेपणा दिसल्यास सांभाळून घ्यावे.

मागच्या आठवड्यात आमचे चार महिन्यांचे एक करडू रात्रीत गेले. पाच करडांत तेच सर्वांत मोठे आणि अंगाने भरलेले होते. संध्याकाळी ते उड्या मारत होते, चारा खात होते. सकाळी मी गोठा उघडला तेव्हा ते आडवे पडून थंड झालेले होते. अंगावर जखम नव्हती, गोठ्यात काही शिरल्याची खूण नव्हती. नंतर चौकशी करता असे कळले, की आदल्या दिवशी दुपारी मुलीने त्याला लाडाने ओंजळी भरभरून धान्य दिले होते. त्याच्यामुळेच हे झाले असेल का, हे मला अजून कळलेले नाही. आणि मुलीला तसे विचारण्याचे धैर्यही झालेले नाही.

माझे खरे विचारणे दोन गोष्टींबद्दल आहे. पहिली म्हणजे, आजारी पडणारे जनावर आधी काही तरी सांगत असणारच, तर ते आमच्या नजरेतून का निसटते? मी दिवसातून सहा-सात वेळा गोठ्यात जाते. शेण उचलते, वैरण टाकते, पाणी भरते, धार काढते. इतका वेळ जनावरांच्या अंगाला अंग लावून काढल्यावरही मला काहीच दिसत नसेल, तर माझी पाहण्याची रीतच चुकत असावी. दुसरी गोष्ट म्हणजे, पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत हे काम संपतच नाही. एकही मोठे काम नाही, परंतु प्रत्येक दहा-पंधरा मिनिटांचे काम दुसऱ्याच्या मधे येते. जनावरांची आबाळ न होता हा दिवस थोडा सैल करता येतो का?


प्रतिसाद १

नमस्कार ताई. माझ्याकडे सव्वीस वर्षांपासून शेळ्या आहेत आणि आपण वर्णन केलेली सकाळ मी दोनदा पाहिली आहे, दोन्ही वेळा कळपातले सर्वांत देखणे करडू गेले. शवविच्छेदन झाल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, पण धान्याचा मोठा घास, वाढीचे वय, भरलेले अंग आणि कोणतेही लक्षण न दाखवता आलेला मृत्यू, ही सगळी साखळी आंत्रविषाराकडे बोट दाखवते. या रोगाचे जिवाणू निरोगी जनावराच्या आतड्यातही थोड्या प्रमाणात असतातच. सवय नसताना पिठूळ धान्य एकदम पोटात गेले, की कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, त्याचे पूर्ण पचन होत नाही, उरलेला भाग पुढे आतड्यात उतरतो, आणि तिथे या जिवाणूंना पंगत बसल्यासारखे होते. त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि त्यांनी तयार केलेले विष आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाते. जे करडू जास्त खाते आणि जोरात वाढते तेच बळी पडते, म्हणून अशक्त करडे वाचतात आणि दांडगे जाते. अशा वेळी लक्षणांना वेळच मिळत नाही. तेव्हा आपल्या नजरेतून काही निसटले, असे या एका प्रसंगापुरते तरी मानू नका.

यावर लस आहे. पहिल्या वेळी काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा देतात, पुढे ठरावीक काळाने पुन्हा टोचावी लागते. शेळ्यांमध्ये या लसीची ताकद मेंढ्यांच्या मानाने लवकर ओसरते, म्हणून नेमके वेळापत्रक आपल्या पशुवैद्यांकडून लिहून घ्या. गाभण शेळीला विण्याच्या सुमारे महिनाभर आधी टोचले, तर ते संरक्षण चिकातून करडाला मिळते. पुन्हा असा मृत्यू झाल्यास मात्र त्याच सकाळी शवविच्छेदन करून घ्यावे. या रोगात शरीर फार लवकर कुजते आणि दुपारपर्यंत सांगण्यासारखे काही उरत नाही.

आता पाहण्याबद्दल. आपण गोठ्यात सहा-सात वेळा जाता, पण प्रत्येक वेळी हातात पाटी, बादली किंवा पेंढी असते. आपण आत पाऊल टाकताच जनावरे उठतात, माना वळवतात, खाण्याच्या आशेने पुढे येतात. आजारी जनावरही अशा वेळी इतरांच्या ओढीने उठते आणि दोन घास चघळते. म्हणजे आपल्याला जे दिसते, ते आपण आल्यामुळे बदललेले चित्र असते. मी रोज एकदा, सकाळची वैरण टाकण्याआधी, रिकाम्या हाताने दाराबाहेर पाच मिनिटे उभा राहतो आणि एकदा दुपारी, जनावरे विसावलेली असताना, लांबून पाहतो. ही दहा मिनिटे कामात धरलीच पाहिजेत. घरातल्यांना सुरुवातीला वाटायचे, हा नुसता उभा आहे!

त्या वेळी मी कोण बसून आहे आणि कोण उठत नाही, हे पाहतो. कळपापासून कोण फटकून आहे, कोणाचे कान खाली लोंबत आहेत, कोणाचे केस उभे आहेत, हेही पाहतो. दुपारच्या वेळी माझे सर्व लक्ष रवंथावर असते. निरोगी गाय दिवसभरात सहा ते आठ तास रवंथ करते, त्यामुळे विसाव्याच्या वेळी बसलेल्या जनावरांपैकी निम्म्याहून अधिक जनावरांची तोंडे हलत असली पाहिजेत. जे हलत नाही त्याच्याकडे पुन्हा अर्ध्या तासाने पाहायचे. शंका आलीच, तर डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धरावी. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आतून मुठीला उचलल्यासारखी लाट जाणवली पाहिजे. खळगा भरून वर आला असेल आणि बोटाने टिचकी मारल्यावर ढोलासारखा वाजत असेल, तर ती पोटफुगी समजावी आणि त्या क्षणी फोन करावा, सकाळची वाट पाहू नये. शेळी दात खात उभी असेल, तर तिला कुठे तरी दुखते आहे.

एक थर्मामीटर गोठ्यातच ठेवा, तो गुदद्वारात लावायचा असतो. गाईचे तापमान साधारण १०१.५ अंश फॅरेनहाइट असते, शेळीचे त्याहून थोडे अधिक, म्हणजे १०२ ते १०३ च्या आसपास. उन्हातून आल्यावर किंवा पळापळ झाल्यावर ते वाढलेले दिसते. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा आपल्या जनावराचा आकडा महत्त्वाचा, म्हणून प्रत्येकीचे तापमान ती धडधाकट असतानाच तीन-चार दिवस मोजून वहीत लिहून ठेवा.

कोंबड्यांचे मात्र निराळे आहे. त्या आजार लपवण्यात पटाईत असतात. खाली पडेपर्यंत चोची मारत राहतात. त्यांना अंधार पडल्यावर दांडीवर बसलेल्या असताना एकेक करून हातात घ्यावे. गळ्याखालची अन्नपिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असली पाहिजे. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागू लागले, तर ती कोंबडी बऱ्याच दिवसांपासून मागे पडत आहे असे समजावे. आठवड्यातून एकदा एवढे पुरते.


प्रतिसाद २

मी आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. आम्ही दोघेही दिवसभर बाहेर नोकरी करतो आणि तीन गाई सांभाळतो, त्यामुळे वेळेची ओढाताण आम्हाला चांगलीच ठाऊक आहे.

दोन धारांमध्ये बारा तासांचेच अंतर हवे, ही समजूत आधी सोडून द्या. बेताचे दूध देणाऱ्या गाईला दहा आणि चौदा तासांचे अंतर सहज चालते. तिला घड्याळातली वेळ कोणती आहे याचे सोयरसुतक नसते, ती वेळ रोज तीच आहे की नाही याच्याशी मात्र असते. आज पाचला, उद्या साडेसातला, असे केले की ती अस्वस्थ होते आणि पान्हा आखडते. कास धुऊन, पुसून, सडांना हात लागल्यावर पान्हा सुटायला साधारण एक मिनिट लागते आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्या वेळात धार आटोपली नाही, तर पुढे नुसती ओढाओढ होते. आरडाओरडा, कुत्र्याचे भुंकणे, अनोळखी माणूस, यांपैकी कशानेही गाय बिथरली तर पान्हा सुटतच नाही. पूर्वी आमच्याकडे धारेच्या वेळीच कोणी झाडलोट करी, कोणी भांडी आपटत असे. तो गोंधळ बंद केला आणि एका गाईमागे सहा-सात मिनिटे वाचली.

दुसरा उपाय सर्वांना पटणारा नाही. वासरू काही आठवड्यांचे झाले, की आम्ही त्याला दिवसभर आईबरोबर मोकळे सोडतो, रात्री शेजारी पण वेगळे बांधतो आणि फक्त सकाळी धार काढतो. संध्याकाळची धार वासरू काढते. दूध अर्थातच कमी मिळते. पण वासरू चांगले पोसते, संध्याकाळ मोकळी होते आणि एखाद्या दिवशी बाहेरगावी जाणे भाग पडले, तर वासरू रात्रीही सोडून ठेवता येते. दूध विकून ज्यांचे घर चालते त्यांनी हे करू नये, तसेच नुकत्याच व्यायलेल्या आणि भरपूर दूध देणाऱ्या गाईची एक धार अचानक बंद करून कासेवर ताण आणू नये.

बारीकसारीक कामांपैकी पाणी हे काम सर्वांत आधी हातावेगळे करा. बादलीने पाणी पाजणे आणि हौदात सतत पाणी असणे, यांत केवळ श्रमाचा फरक नाही. दुभत्या गाईला एक लिटर दुधामागे तीन ते चार लिटर पाणी लागते आणि ते ती एका दमात पीत नाही. तरंगत्या बोंडीने आपोआप भरणारा हौद बसवल्यावर आमचा रोजचा पाऊण तास वाचला आणि दूधही थोडे वाढले. आठवड्यातून एकदा तो घासावा लागतो, एवढेच.


प्रतिसाद ३

वरील दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून मी थोडे वेगळे मत मांडतो. पाहणे आणि वेळ साधणे हे दोन्ही योग्यच आहे, परंतु आपल्या थकव्याचे मूळ मला दुसरीकडे दिसते. आपल्याकडे जनावरे थोडी आहेत, पण प्रकार तीन आहेत. गाईची वैरण वेगळी, शेळीचे ओरबाडून खाणे वेगळे, कोंबडीचा दाणा वेगळा. तिघींचे रोग, लशी, जंतनाशके आणि निवारे वेगळे. दोन गाईंच्या ठिकाणी चार गाई झाल्या तर काम दुप्पट होत नाही, पण दोन गाईंच्या जोडीला शेळ्या आणल्या तर एक संपूर्ण नवे वेळापत्रक घरात येते. मीही सात वर्षे हे तिन्ही केले. शेवटी गाई विकल्या, शेळ्या वाढवल्या आणि घरच्यापुरत्या कोंबड्या ठेवल्या. दुःख झाले. परंतु त्यानंतरच्या वर्षी माझे एकही करडू गेले नाही, आणि त्याचे श्रेय मी लशीला देतो तितकेच लक्ष विभागले न जाण्यालाही देतो.

एवढा टोकाचा निर्णय घ्यायचा नसेल, तर निदान बाळंतपणे तरी एकमेकांवर येऊ देऊ नका. गाय सुमारे २८० ते २८५ दिवसांनी विते, शेळी सुमारे १५० दिवसांनी. बोकड कळपात कायम मोकळा असेल, तर शेळ्या केव्हा वितील हे तो ठरवतो. पेरणी किंवा कापणीच्या धांदलीत गाय आणि तीन शेळ्या एकाच आठवड्यात व्यायल्या, की माणसाचे काय होते ते मी अनुभवले आहे. म्हणून बोकड वेगळा बांधावा, शेळी माजावर आल्यावर तारीख पाहून मगच तिला दाखवावी आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लगेच लिहावी. गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते, त्यामुळे एक माज सोडून देणे म्हणजे व्याण्याची तारीख तीन आठवडे पुढे ढकलणे होय. एवढी मोकळीक आपल्या हातात असते.

आणि धान्याची कोठी! झाकणाला कडी असलेले पत्र्याचे पिंप घ्या आणि ते गोठ्याबाहेर ठेवा. शेळी पोत्याचे तोंड उघडते, लाकडी झाकण डोक्याने सरकवते. कोंबड्यांचा दाणाही तिच्यापासून दूर ठेवा, कारण तो तिला फार आवडतो. आपल्या मुलीने दिलेले धान्य उद्या एखादी शेळी स्वतःच घेईल.


मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. गाई विकण्याचा विचार तूर्त होणार नाही. सासूबाईंचा सगळा जीव त्यांच्यात आहे आणि खरे सांगायचे तर माझाही आहे. बोकड मात्र कालच वेगळा बांधला. त्याने रात्रभर घर डोक्यावर घेतले.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. आमची मोठी गाय येत्या तीन आठवड्यांत विणार आहे. मागच्या वेळी वार पडेपर्यंत आम्ही वासराला पाजले नव्हते, कारण आधी पाजले तर वार अडकते असे कोणी तरी सांगितले होते. वार पडायला सात तास लागले. वासरू जगले, परंतु महिनाभर हगवणीने बेजार होते. या वेळी काय करावे? दुसरे म्हणजे, लहान गाईला एकाच वेतात दोनदा कासदाह झाला. औषधाने बरे वाटते आणि काही आठवड्यांनी पुन्हा गाठी येतात. आम्ही धार काढण्यापूर्वी कास धुतो, तरीही असे का व्हावे?


प्रतिसाद ४

मी पशुवैद्यकीय कामात आहे. जनावर समोर नसताना औषध सुचवणे योग्य होणार नाही, पण या दोन्ही प्रश्नांत औषधापेक्षा सवयीचा भाग मोठा आहे, म्हणून लिहिते.

वार आणि चीक यांचा संबंध आपल्याला सांगितला गेला त्याच्या नेमका उलट आहे. वासरू सड चोखू लागले, की गाईच्या शरीरात जो पान्हा सोडणारा स्राव निर्माण होतो तोच गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावतो. म्हणजे पाजल्याने वार अडकत नाही. झालीच तर मदत होते. वासराच्या बाजूने पाहिले तर थांबण्याची किंमत फार मोठी आहे. गाय, म्हैस, शेळी यांच्या पिल्लांना आईच्या पोटात असताना तिच्याकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, कारण ती वारेतून पलीकडे जाऊ शकत नाहीत. ती सारी चिकात असतात, आणि वासराच्या आतड्यातून ती जशीच्या तशी रक्तात जाण्याची वाट जन्मानंतर तासागणिक अरुंद होत चोवीस तासांच्या आसपास बंद होते. आपल्या वासराचे पहिले सात तास असेच गेले, आणि पुढची हगवण हा त्याचाच परिणाम असण्याची शक्यता मोठी आहे. यंदा जन्मल्यापासून पहिल्या दोन तासांत चीक पाजा. वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा, म्हणजे तीस किलोच्या वासराला सुमारे तीन लिटर. ते उभे राहू शकत नसेल तर चीक काढून बाटलीने, डोके फार वर न उचलता, सावकाश पाजावा.

वार बारा तासांत पडली नाही तर आम्हाला कळवावे. ती ओढू नये आणि तिला वजनही बांधू नये. आत तुकडा राहिला तर गर्भाशय सडते आणि गाय पुढे गाभण राहायला त्रास देते. पडलेली वार, आणि विशेषतः गाभडलेले पिल्लू, उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे घालावेत, ते खोल पुरावे आणि घरातल्या गर्भवती स्त्रीला त्या कामापासून पूर्णपणे दूर ठेवावे. संसर्गजन्य गर्भपाताचा रोग माणसाला होतो आणि त्याचा ताप महिनोन्महिने पाठ सोडत नाही. याच कारणासाठी दूध उकळल्याशिवाय पिऊ नये, करडांच्या मागे उरलेले शेळीचे दूधसुद्धा.

कासदाहाबद्दल मी उलट आपल्यालाच दोन प्रश्न विचारते. धुतल्यानंतर कास कोरडी करता का? आणि कोणत्या गाईची धार आधी काढता? ओल्या कासेवरचे पाणी निथळत सडाच्या टोकाशी येते आणि आपल्याबरोबर घाण तिथेच आणते, त्यामुळे धुऊन न पुसणे हे न धुण्यापेक्षा वाईट ठरू शकते. प्रत्येक गाईला स्वतंत्र, स्वच्छ फडके असावे. निरोगी गाय आधी आणि दुखणेकरी नेहमी शेवटी, नंतर हात साबणाने धुवावेत. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत काढून पाहा. काळ्यावर बारीकशी गुठळी किंवा पाण्यासारखे पातळ दूध लगेच दिसते, आणि कास सुजण्याच्या एक-दोन दिवस आधी रोग हाती लागतो. त्या धारा जमिनीवर सोडू नयेत. धार संपल्यावर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि त्याच वेळी गव्हाणीत वैरण टाकावी. यामागे कारण आहे. धारेनंतर सडाचे तोंड पूर्ण मिटायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक लागते. वैरण समोर असली की गाय तेवढा वेळ उभी राहते, नाही तर ती लगेच शेणात बसते.

औषधाबाबत एवढेच सांगते, की पशुवैद्यांनी सांगितलेल्या मात्रा पूर्ण कराव्यात. दुसऱ्या दिवशी दूध स्वच्छ दिसू लागले म्हणून बहुतेक लोक थांबतात, आणि मग तोच रोग काही आठवड्यांनी परत येतो. उपचाराच्या काळातले आणि त्यानंतर औषधाच्या वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीतले दूध घरी वापरू नये, विकूही नये. तरीही रोग उलटलाच, तर दुधाचा नमुना तपासून जंतू कोणता आहे ते पाहावे लागेल. गाय आटवण्याच्या वेळी, म्हणजे विण्याच्या सुमारे साठ दिवस आधी, जुना कासदाह मुळापासून काढण्याची चांगली संधी असते, तेव्हा अवश्य भेटावे.

पहिल्या प्रतिसादात आलेल्या गोष्टींत एक भर घालते. शेळीची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून आतला रंग पाहण्याची सवय करावी. लालसर असेल तर ठीक; फिकट गुलाबीवरून पांढऱ्याकडे झुकत असेल तर पोटातला रक्तपित्या जंत बळावला आहे असे समजावे. सर्व कळपाला ठरावीक तारखेला जंतनाशक पाजण्यापेक्षा फिकट निघालेल्यांनाच पाजणे बरे, कारण सरसकट पाजल्याने औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागे उरतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते. दव वाळण्यापूर्वी शेळ्या गवतावर सोडू नयेत. ओल्या पात्यावरून जंताच्या अळ्या वर चढलेल्या असतात.

आता आपली मुलगी. तिला जरूर सांगावे, परंतु ‘तुझ्यामुळे करडू गेले’ असे सांगू नये, कारण ते निश्चित झालेलेच नाही. शेळीच्या पोटात चाऱ्याची सवय असलेले असंख्य सूक्ष्म जीव असतात आणि नवे अन्न त्यांना आठ-दहा दिवस थोडे थोडे वाढवत द्यावे लागते, एवढे नऊ वर्षांच्या मुलीला नक्की समजते. पापण्या पाहण्याचे काम तिला द्या. लहान मुलांची रंगाची नजर आपल्यापेक्षा प्रामाणिक असते. आपण ‘बरी दिसते’ असे म्हणत फिकट पापणी सोडून देतो.


प्रतिसाद ५

थोडेच लिहितो. दिवस सैल करायचा असेल, तर घराबाहेरचे एक माणूस आपल्या जनावरांना सरावलेले असले पाहिजे. आम्ही शेजारच्या एका कुटुंबाशी तसे ठरवले आहे. त्यांच्या अडचणीला आम्ही, आमच्या अडचणीला ते. कोणाला किती वैरण, कोण लाथ मारते, कोणते सड सर्वांत शेवटी पिळायचे, कोणती कोंबडी खुडूक आहे आणि तिची अंडी का उचलायची नाहीत, हे सगळे एका पुठ्ठ्यावर लिहून गोठ्याच्या दाराशी लावलेले आहे. महत्त्वाची गोष्ट अशी, की आम्ही घरी असतानाच त्यांच्याकडून दोन दिवस सर्व कामे करवून घेतली आणि स्वतः काही न बोलता पाहत बसलो. पुठ्ठ्यावर काय लिहायचे राहिले, ते त्या दोन दिवसांत कळले. धाकटी गाय डाव्या बाजूने जवळ गेलेले खपवून घेत नाही, हे आम्हाला इतके अंगवळणी पडले होते की लिहायचे सुचलेच नव्हते.


मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

कास आम्ही पुसत नव्हतो. शिवाय लहान गाय दाराजवळ बांधलेली असल्यामुळे तिचीच धार रोज आधी निघत होती आणि त्याच हातांनी मी मोठीकडे जात होते. कालपासून दावणीतल्या जागा बदलल्या. काळी वाटी मिळाली नाही, म्हणून एका जुन्या वाटीला आतून काळा रंग देऊन वाळत ठेवली आहे. लशीबद्दल पशुवैद्यांशी बोलणे झाले, परवा येणार आहेत.

मुलीशी रात्री बोलले. तिने सगळे ऐकून घेतले आणि करडाच्या पोटातल्या त्या सूक्ष्म जीवांना नावे असतात का, एवढेच विचारले. आज तिने सहाही शेळ्यांच्या पापण्या पाहून वहीत रंग लिहिले आहेत; चौघींपुढे ‘लाल’, एकीपुढे ‘गुलाबी’ आणि म्हाताऱ्या शेळीपुढे ‘कागदासारखी’ असे लिहिले आहे. म्हातारी वयामुळे सुस्त झाली आहे, असे आम्ही दोन महिन्यांपासून म्हणत होतो. तिचे तापमान १०२.४ भरले, रवंथ चालू आहे, पण जबड्याखाली किंचित सूज हाताला लागते. पशुवैद्य परवा यायचे होते, त्यांना उद्याच येण्याची विनंती केली आहे.